फेरफार केलेली क्रीडाकार्डे आणि श्रेणीकरणातील विसंगती

१. प्रस्तावना

अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे असलेली छोटी कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगगमसोबत ग्राहकांना दिली जात. मुलांच्या खिशात झिजणाऱ्या या वस्तूला आज मोठे बाजारमूल्य प्राप्त झाले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याच मुद्रणातील झिजलेली कार्डे मात्र या रकमेच्या अत्यल्प अंशाला मिळतात. हा फरक केवळ कार्डाच्या स्थितीमुळे पडतो आणि स्थितीचा निवाडा श्रेणीकरण कंपन्या करतात. परंतु एकदा ‘फेरफार झालेले’ म्हणून नाकारलेले कार्ड अन्य कंपनीकडून, प्रसंगी त्याच कंपनीकडून, श्रेणी घेऊन परत येते, असा अनुभव संग्राहकांना वारंवार येतो. या विसंगतीची कारणे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. श्रेणीकरणाची पद्धती

प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर (पी.एस.ए.) ही या क्षेत्रातील प्रमुख कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. त्याच दशकात स्पोर्ट्सकार्ड गॅरंटी (एस.जी.सी.) व बेकेट यांनीही हे काम हाती घेतले. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची चौकटीतील मध्यस्थिती या चार निकषांवर कार्डाला सामान्यतः १ ते १० यांपैकी श्रेणी देऊन ते पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात मोहोरबंद केले जाते.

येथे दोन भिन्न स्वरूपाचे निर्णय एकत्र येतात. श्रेणी ही मात्रेची बाब आहे. एका परीक्षकाने ७ व दुसऱ्याने ८ श्रेणी दिली, तर तो मतभेद समजण्याजोगा आहे. उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनात गुण थोडे बदलतात, तसेच हे आहे. फेरफाराचा निर्णय मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ असाच असतो. कडा कापलेले कार्ड ८ वरून ४ वर उतरत नाही. ते श्रेणीक्रमातूनच बाहेर पडते. ‘अस्सल, परंतु फेरफार केलेले’ अशी नोंद त्याच्या वाट्याला येते किंवा ते श्रेणीविना परत पाठवले जाते. त्यामुळे या एका निर्णयातील चूक सर्वांत महाग ठरते.

३. फेरफार ओळखण्यातील अडचणी

कडा कापणे, उडालेला रंग भरणे, सुरकुत्या दाबून सपाट करणे, रसायनांनी स्वच्छ करणे हे फेरफाराचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी कडा कापणे ओळखणे विशेष कठीण असते. भरलेला रंग हा बाहेरून आलेला पदार्थ असल्याने तो भिंगाखाली वा अतिनील प्रकाशात शोधता येतो; कापलेल्या कडेत मात्र काहीही मिळवलेले नसते, केवळ झीज नाहीशी झालेली असते. उत्तम जपलेली कड आणि नुकतीच कापलेली कड या दोहोंतही झीज नसतेच.

मोजमापही निर्णायक ठरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीची कार्डे कारखान्यातूनच थोड्या लहानमोठ्या आकारांत बाहेर पडत. म्हणून पी.एस.ए.च्या नकारांत ‘कापल्याचा पुरावा’ आणि ‘किमान आकारापेक्षा लहान’ अशी दोन स्वतंत्र कारणे आढळतात. कॅनडातील ओ-पी-ची कंपनीची १९७९ च्या सुमाराची कार्डे मुळातच खडबडीत कडांची असत. तेथे गुळगुळीत कडच संशयास्पद ठरते. पाण्यात भिजवून वहीतून सोडवलेले कार्ड अनेक संग्राहकांना मान्य असते, रसायनाने धुतलेले नसते; पण कार्ड वाळल्यावर हा भेद दिसेलच असे नाही.

४. वॅगनर कार्डाचे उदाहरण

होनस वॅगनर या बेसबॉलपटूचे टी-२०६ मालिकेतील (१९०९-११) एक कार्ड पी.एस.ए.ने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड होते. त्याला ८ श्रेणी मिळाली. १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना विकले गेलेले हे कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरपर्यंत पोहोचले. ते कापलेले असावे, अशी चर्चा प्रारंभापासून होती. त्याचे पूर्वीचे मालक व लिलावकर्ते बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये लिलावांतील फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना, या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही मान्य केले. २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांची कारावासाची शिक्षा झाली. म्हणजे ज्या कार्डाने श्रेणीकरणाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच्याच बाबतीत मूलभूत निर्णय चुकला होता आणि सत्य समोर आले ते परीक्षकाच्या भिंगातून नव्हे, न्यायालयातून.

५. चुका एकाच दिशेने का साचतात?

विसंगतीचे खापर केवळ परीक्षकांवर फोडणे उचित नव्हे. खरी उणीव व्यवस्थेत आहे. नाकारलेल्या कार्डाची सार्वजनिक नोंद सहसा राहत नाही. मालक ते पुन्हा पाठवू शकतो. समजा, फेरफार केलेले कार्ड प्रत्येक तपासणीत परीक्षकाच्या नजरेतून सुटण्याची शक्यता २० टक्के आहे आणि प्रत्येक तपासणी स्वतंत्र आहे. तर पाच प्रयत्नांत ते किमान एकदा सुटण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते. शिवाय एकदा श्रेणी मिळाली की मालक थांबतो. चार नकार विस्मृतीत जातात आणि पाचवा होकार आवरणात कायम होतो. परीक्षक बहुतांश वेळा अचूक असूनही बाजारात त्यांच्या चुकाच साचत जातात.

दुसऱ्या कंपनीचे मत हा यावरील एक उपाय मानला जाई, परंतु पी.एस.ए.ची मालक कंपनी कलेक्टर्स हिने २०२४ मध्ये एस.जी.सी. विकत घेतल्याने अशा मतांच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही उपस्थित होतो.

६. समारोप

२०१९ मध्ये काही संग्राहकांनी जुन्या लिलावांतील छायाचित्रे नव्या विक्रीतील छायाचित्रांशी ताडून पाहिली. मुद्रणातील ठिपके व कागदावरील खुणा यांवरून तेच कार्ड ओळखता आले आणि ते पूर्वीपेक्षा लहान, पण अधिक वरच्या श्रेणीत असल्याचे दिसून आले. एकट्या कार्डाकडे पाहून न उलगडणारी गोष्ट त्याच्या पूर्वेतिहासाने उलगडली. यावरून उपायांची दिशा स्पष्ट होते : तपासणीस आलेल्या प्रत्येक कार्डाचे छायाचित्र व मोजमाप जतन करणे, नकाराची कारणांसह जाहीर नोंद ठेवणे आणि काही कार्डे परीक्षकांच्या नकळत पुन्हा तपासून घेणे. श्रेणीवर विसंबून पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला केवळ होकार दिसतो. त्यापूर्वीचे नकारही त्याला दिसले, तरच श्रेणीकरणाला प्रमाणपत्राचे मोल राहील.