कल्याण बंदर आणि प्रेषित बर्थलमय

मुरबाडहून माळशेजच्या दिशेने निघाले, की वैशाखरे गावानंतर एक पायवाट डावा-उजवा विचार न करता थेट सह्याद्रीच्या कड्याला भिडते. हीच नाणेघाटाची वाट. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल या वाटेने जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यातील राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण त्या वैभवाची साक्ष देतात. शहापूर तालुक्यातून थळ घाटाने नाशिककडे चढणारा मार्गही असाच पुरातन. या वाटा ज्या बंदराकडून येत होत्या, त्या कल्याणचे नाव ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळाशीही जोडले जाते. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक असलेले संत बर्थलमय धर्मप्रसारासाठी कल्याणला आले होते, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

बर्थलमय म्हणजे ‘तल्मयाचा पुत्र’. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील प्रेषितांच्या यादीत हे नाव येते. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ते नाही. तेथे फिलिप्प ज्याला येशूकडे घेऊन येतो, तो काना गावचा नथनेल म्हणजेच बर्थलमय, असे परंपरेने मानले जाते. येशूनंतरच्या त्यांच्या कार्याविषयी बायबल मौन पाळते. आर्मेनियात त्यांची कातडी सोलून त्यांना ठार मारण्यात आले, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेलच्या भित्तिचित्रात मायकेलअँजेलोने त्यांना स्वतःची कातडी हाती धरलेले दाखविले आहे. आर्मेनियन चर्च त्यांना आपल्या संस्थापकांपैकी एक मानते. कॅथलिक पंचांगात २४ ऑगस्ट हा त्यांचा सण आहे.

भारताशी त्यांचा संबंध जोडणारा आधार चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथात सापडतो. अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटिनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया’त गेला, तेथील ख्रिस्ती लोकांकडे त्याला हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान आढळले आणि ते बर्थलमय यांनी तेथे ठेवले होते, असे युसेबियस नमूद करतो. मात्र ही हकिगत तो ऐकीव म्हणून देतो. शिवाय त्या काळचे ग्रीक-रोमन लेखक ‘इंडिया’ हा शब्द इथिओपिया किंवा दक्षिण अरबस्तानासाठीही सैलपणे वापरीत.

विसाव्या शतकात ए. सी. पेरुमालिल आणि जॉर्ज मोराईस या अभ्यासकांनी कल्याणच्या बाजूने मांडणी केली. काही जुन्या लेखनात बर्थलमय यांचे कार्यक्षेत्र ‘इंडिया फेलिक्स’, म्हणजे ‘सुखी, भाग्यवान भारत’, असे दिले आहे. ‘कल्याण’ या शब्दाचा अर्थही मंगल, भाग्य असाच. त्यामुळे ‘फेलिक्स’ हे कल्याणचेच भाषांतर असावे, असा हा तर्क आहे.

भूगोल या तर्काला काही अंशी साथ देतो. पहिल्या शतकात इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यांवर कोकण किनारा गाठत, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. परंतु त्याच काळातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ वेगळी बाजूही सांगतो. कल्याणच्या व्यापारावर तेव्हा निर्बंध आले होते आणि तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

पुढील शतकांचे दुवे अधिक ठळक आहेत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे कल्याण मानतात, काहींना ते मान्य नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू मारले गेले. त्यांची हकिगत लिहिणारा ओडोरिक ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरे असल्याचे सांगतो. पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये. म्हणजे या परिसरातील ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबरच आला, ही सर्वसाधारण समजूत अपुरी ठरते.

तथापि सहाव्या किंवा चौदाव्या शतकातील ख्रिस्ती वस्ती पहिल्या शतकातील प्रेषिताचा पुरावा होऊ शकत नाही. बर्थलमय यांच्या कल्याणमधील वास्तव्याचा समकालीन शिलालेख वा अवशेष उपलब्ध नाही. श्रद्धावंताला परंपरा पुरेशी असते, इतिहासाला ती पुरत नाही. हा भेद राखला म्हणजे दोहोंचाही मान राहतो. नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून कोणकोण चढून गेले याची नोंद दगडाने ठेवलेली नाही. पण व्यापाऱ्यांबरोबर भाषा आणि धर्मविचारही ज्या वाटांनी देशावर पोहोचले, त्या वाटा मुरबाड-शहापूरच्या रानातून जात होत्या, एवढे निश्चित.