फाइल धडधाकट, प्लेअर गप्प

लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर येतं. घरच्या टीव्हीला लावलं की चित्र हलतं, आवाज नाही. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर तीच फाइल आवाजासकट चालते, तर मामांच्या टीव्हीवर नुसता काळा पडदा आणि फॉरमॅट चालत नसल्याचा निरोप. घरात एकमताने निकाल लागतो की फाइल ‘करप्ट’ आहे. हा निकाल बहुतेक वेळा चुकतो. खरोखर खराब झालेली फाइल जिथे लावाल तिथे अडखळते. एका ठिकाणी सुरळीत चालणारी आणि दुसरीकडे मुकी होणारी फाइल शाबूत असते. उणीव प्लेअरमध्ये असते, आणि ती उणीव पुष्कळदा वकिलांच्या टेबलावर ठरलेली असते.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नुसती डब्यांची नावं. डब्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचा एखाददुसरा आणि कधी सबटायटल्स असतात. प्रत्येक प्रवाह आपापल्या कोडेकने, म्हणजे दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीने, दाबलेला. त्यामुळे ‘आमचा टीव्ही एमपी४ चालवतो’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. आतलं चित्र एच.२६४ आहे की एचईव्हीसी, हे विचारावं लागतं. व्हीसीडीच्या काळातल्या डीएटी फायली आठवतात? आत साधं एमपीईजी-१ होतं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला ११५० किलोबिटचं. बाहेरचं आवरण तेवढं वेगळं. संगणकाने फाइल नाकारली तर नावाचं शेपूट बदलून एमपीजी करायचं, आणि पुष्कळदा सिनेमा सुरू व्हायचा. तेव्हाच्या कॅफेवाल्या पोरांना ही युक्ती पाठ होती.

या सगळ्या दाबादाबीच्या मुळाशी असलेलं गणित एका बंगळुरूच्या माणसाचं आहे. तिथे जन्मलेले नासिर अहमद कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातले संथ बदल आणि बारीक, झपाट्याचे बदल वेगळे काढायची एक पद्धत त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी पैसे मागितले, मिळाले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याला ज्याची उणीव कळत नाही असा बारकावा फेकून द्यायचा, ही जेपेगपासून एच.२६४पर्यंतची युक्ती या गणितावर उभी आहे. पुढच्या प्रत्येक सुधारणेवर मात्र कुणी ना कुणी पेटंट घेत गेलं.

फाइल न चालण्याच्या रागातून एक आख्खं कोडेक जन्मल्याचंही उदाहरण आहे. १९९८-९९च्या सुमारास फ्रान्समधल्या माँपेलिये शहरात राहणाऱ्या जेरोम रोता याने आपल्या कामाचे नमुने मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ कोडेकमध्ये साठवले होते. विंडोज मीडिया प्लेअरची नवी आवृत्ती आली आणि ते चालेनात, कारण कंपनीने हे कोडेक स्वतःच्या एएसएफ डब्यापुरतं बांधून टाकलं होतं. रोताने ते फोडलं आणि एव्हीआयसाठी मोकळं केलं. हेच डिव्हएक्स ३.११. प्रत्येक एव्हीआय फाइलच्या डोक्यावर चार अक्षरांची खूण असते, त्यावरून प्लेअर कोडेक शोधतो. डिव्हएक्सने फक्त ती खूण बदलून डीआयव्ही३ केली होती. जाणकार मंडळी ती पुन्हा एमपी४३ करत आणि मायक्रोसॉफ्टचं मूळ कोडेक ती फाइल मुकाट्याने चालवी. पुढे २००१ साली मुक्त स्रोताची शाखा फुटली, तिने डिव्हएक्स हे नाव उलटं लिहून एक्सव्हिड केलं.

एव्हीआय हा १९९२चा डबा. पुढच्या-मागच्या चौकटींवरून मधली चौकट बांधण्याची कल्पना त्याच्या रचनेत नव्हती. ती ठोकूनठाकून बसवली गेली, आणि आवाज चित्राच्या पुढे पळण्याच्या त्या काळच्या कित्येक तक्रारी या जुगाडातून आल्या.

मग आले कोडेक पॅक. यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. विंडोजच्या डायरेक्टशो व्यवस्थेत प्रत्येक फिल्टरला प्राधान्याचा एक आकडा असतो. ज्याचा आकडा मोठा तो पुढे येतो. तीन पॅक बसवले की तिघेही आपला आकडा फुगवतात आणि काल चालणारी फाइलही आज उलटी दिसते. त्याहून वाईट म्हणजे २००६च्या सुमारास ‘हा व्हिडिओ पाहायला कोडेक हवं’ असं सांगून झ्लोब नावाचा ट्रोजन संगणकात शिरत होता. अनोळखी साइटने कोडेक देऊ केलं तर नाही म्हणावं, हा नियम आजही बदललेला नाही. फाइल अडली तर आधी मीडियाइन्फो या मोफत साधनात उघडावी. चित्राचं कोडेक, प्रोफाइल, बिट-खोली, आवाजाचं कोडेक आणि चॅनेलची संख्या एवढं वाचलं की निम्मा गुंता सुटतो.

उरलेला गुंता पैशाचा आहे. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हा मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोयच काढलेली होती. एचईव्हीसी २०१३ साली मानक झालं, पण त्याची पेटंटं एका छत्राखाली राहिली नाहीत. एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स आणि वेलॉस मीडिया अशा तीन दारांवर रॉयल्टी मागितली जाऊ लागली. २०१७ साली आयफोनने चित्रण एचईव्हीसीत साठवायला सुरुवात केली, आणि विंडोजवर त्याच व्हिडिओंसाठी एक डॉलरला एक सेंट कमी एवढी किंमत मोजून विस्तार विकत घ्यायची वेळ आली.

व्हीएलसी हा प्लेअर सगळं चालवतो याचं कौतुक होतं, ते योग्यच आहे; पण त्यात पॅरिसचाही वाटा आहे. १९९६ साली इकोल सेंट्रालच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहासाठी वेगवान नेटवर्क हवं होतं, त्यासाठी नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचा प्रकल्प त्यांनी मांडला. २००१ साली तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. सॉफ्टवेअरवरचं पेटंट फ्रेंच कायदा मानत नाही, या भूमिकेवर व्हीएलसी बनवणारी संस्था उभी आहे. भारतात मात्र फेब्रुवारी २०२२पासून व्हीएलसीचं संकेतस्थळच उघडेनासं झालं. ज्यांच्याकडे प्लेअर आधीच होता त्यांचं अडलं नाही. नव्यांना मूळ जागा सोडून भलतीकडून तो उतरवायची पाळी आली. ऑक्टोबरमध्ये संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस धाडली, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

आवाजाच्या तक्रारी मला चित्राच्या तक्रारींपेक्षा रंजक वाटतात. आपल्याकडे मोबाइलवर घरोघर पोचलेल्या एमएक्स प्लेअरने परवान्याच्या कारणाने डीटीएस आणि डॉल्बी एसी-३चा आधार काढला, तेव्हा सिनेमे एकाएकी मुके झाले. लोक वेगळं कोडेक शोधून हाताने जोडू लागले. दुसरी तक्रार याहून चमत्कारिक: पार्श्वसंगीत दणदणीत, संवाद गायब. ५.१ ध्वनीत संवाद मधल्या चॅनेलवर असतात. प्लेअरने फक्त डावा-उजवा उचलला तर माणसं ओठ हलवत राहतात. प्लेअर बदलण्याआधी हेडफोनची पिनही तपासावी. ती अर्धवट बसली आणि सामाईक जोड सुटला की दोन बाजूंमधला फरक तेवढा कानावर येतो, आणि दोन्हीकडे सारखाच असलेला माणसाचा आवाज स्वतःलाच खोडून टाकतो.

चित्र धक्के खात असेल तर चिपकडे पाहावं. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेक पिढीत एचईव्हीसी उलगडायची सोय ८ बिटपर्यंतच पुरती होती. १० बिट केबी लेकपासून. जुन्या लॅपटॉपवर १० बिटचं फोर-के म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर आणि पंख्याची घरघर. आयफोन १२पासून चित्रण मुळातच एचडीआरमध्ये होतं. रंगांचं रूपांतर न जमणाऱ्या प्लेअरवर हळदीचा पिवळा राखेसारखा दिसतो. घरच्या सगळ्यांसाठी एच.२६४, ८ बिट आणि एएसी आवाज अशी एक प्रत करून ठेवावी, मूळ फाइल मात्र टाकू नये. नुसता डबा अडत असेल तर प्रवाह तसेच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवता येतात. एफएफएमपीईजी हे काम मिनिटभरात करतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही.

खरी मोडतोड असते ती वेगळीच. चित्रण चालू असताना बॅटरी गेली की कित्येक जीबीची एमपी४ फाइल उरते आणि एकाही प्लेअरमध्ये उघडत नाही. कुठली चौकट कुठे आहे हे सांगणारी सूची अनेक कॅमेरे अगदी शेवटी लिहितात, आणि तो शेवट आलेलाच नसतो. चित्र आत असतं, पत्ता नसतो. अनट्रंक नावाचं मोफत साधन अशी सूची पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. त्याला नमुना म्हणून त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धडधाकट फाइल लागते. तशी नसेल तर तोच कॅमेरा, पण दुसरं कार्ड घालून मिनिटभर भिंतीचं चित्रण केलं तरी भागतं.