पैशाबरोबर वेळही

श्रीमंतांनी देणगी द्यावी, राबणे इतरांवर सोडावे, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकडे पाहिले की अपुरी वाटते. जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांनी शिक्षणासाठी पैसा दिलाच, पण १८४०पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद म्हणून वर्षानुवर्षे कामही केले. १८४९मध्ये मुलींच्या शाळा सुरू झाल्या तेव्हा समाजाचा रोष होता. त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात शाळेला जागा दिली. मुलीला शाळेत धाडायला कचरणाऱ्या आईबापांना अशा प्रतिष्ठित घराचा आधार निनावी देणगीपेक्षा मोठा वाटला असणार.

यावर आक्षेप असा, की दाता कामात उतरला की संस्था त्याच्या मुठीत जाते. शिवाय धनिकाच्या चार तासांपेक्षा त्याच्या पैशातून नेमलेला शिक्षक अधिक उपयोगी. दुसरा मुद्दा मला मान्य आहे: वर्गात शिकवायला शिक्षकच हवा. पण सरकारदरबारी शब्द टाकणे, विरोध अंगावर घेणे ही कामे पगारी माणसावर सोपवता येत नाहीत. पहिला धोकाही खरा आहे. म्हणूनच दात्याला विश्वस्त मंडळात एकच मत असावे, आणि हिशेब सर्वांसाठी खुले असावेत.