सीप्झचे विकास आयुक्त नेमकं काय करतात?

मुंबईत अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीत सीप्झ हे निर्यातीसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. रोज हजारो कामगार तिथल्या फाटकातून ओळखपत्र दाखवून आत जातात. या क्षेत्राचा कारभार केंद्र सरकारचे विकास आयुक्त पाहतात. त्यांच्या कामाबद्दल मात्र गैरसमजच जास्त.

गैरसमज : निर्यात व्यापारी करतात, सरकारी अधिकारी नुसते शिक्के मारतात.
वस्तुस्थिती : क्षेत्राचा वेगाने विकास करणं आणि तिथली निर्यात वाढवणं, ही जबाबदारी २००५च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने थेट विकास आयुक्तांवर टाकली आहे. नव्या कारखान्यांना मंजुरी देणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. परदेशी ऑर्डरची मुदत टळली तर गिऱ्हाईक दुसऱ्या देशात जातं. म्हणून उद्योजकाला दहा कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यातच या अधिकाऱ्याचं खरं कौशल्य आहे.

गैरसमज : क्षेत्रातली करसवलत मिळाली की कारखानदार मोकळा.
वस्तुस्थिती : पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबात कारखान्याने खर्च केलेल्या चलनापेक्षा जास्त परकीय चलन मिळवावंच लागतं. समजा, ८० रुपयांचं सोनं आणि हिरे बाहेरून आणून १०० रुपयांचा दागिना निर्यात केला, तर देशाची कमाई २० रुपये. हा हिशेब आयुक्तालय दरवर्षी तपासतं. त्या २० रुपयांतच कारागिराची मजुरी असते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

गैरसमज : सीप्झ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स.
वस्तुस्थिती : १९७३ साली सुरुवात त्यासाठीच झाली. पण सत्तरच्याच दशकात टाटा बरोजसारखी कंपनी इथून सॉफ्टवेअरचं काम करू लागली, आणि ऐंशीच्या दशकात जडजवाहिराला परवानगी मिळाली. आज हिरेजडित दागिने ही सीप्झची मोठी ओळख आहे. जगाची मागणी बदलली तेव्हा सरकारने फक्त इलेक्ट्रॉनिक्सचाच हट्ट धरला नाही, याचं हे फळ.

गैरसमज : इथला माल देशात विकताच येत नाही.
वस्तुस्थिती : सीमाशुल्क भरून विकता येतो.

गैरसमज : सरकारी मदत बड्या कंपन्यांपुरतीच.
वस्तुस्थिती : १२ जानेवारी २०२४ रोजी सीप्झमध्ये ‘भारत रत्नम्’ या सामाईक सुविधा केंद्राचं उद्घाटन झालं. धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगसारखी महागडी यंत्रं एकट्या लहान कारखानदाराला परवडत नाहीत. अशा केंद्रात ती सर्वांना वापरता येतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसह नव्या कारागिरांना प्रशिक्षण देण्याची सोयही यात धरलेली आहे.

निर्यात वाढवणाऱ्या अधिकाऱ्याची कारकीर्द परिषदा आणि परदेश दौरे मोजून ठरवू नये. त्याच्या काळात किती लहान कारखान्यांनी पहिल्यांदा परदेशात माल पाठवला आणि किती हातांना टिकाऊ काम मिळालं, हे विचारावं. कायद्याने दिलेली जबाबदारी एवढी मोठी असताना आपली अपेक्षाही तेवढीच मोठी हवी.