दोष हातात, उपाय पायात

नागपुरात बॅट हाती धरणारं पोरगं आधी क्रिकेटच शिकतं. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, त्यातले शेवटचे दोन अंतिम सामने तर नागपूरच्याच जामठा मैदानावर झाले. त्यामुळे शाळेच्या बेसबॉल संघात येणारा मुलगा बहुतेक वेळा क्रिकेट अंगात मुरवूनच येतो. नजर चांगली, मनगटात ताकद, म्हणून त्याची निवड होते आणि मग तो सामन्यामागून सामने स्ट्राइक-आउट होऊ लागतो.

असाच एक नववीतला मुलगा मी सकाळच्या सरावात पाहत होतो. चेंडू येईपर्यंत त्याची बॅट खाली झुकायची, कारण क्रिकेटमध्ये ती जमिनीजवळ असते. मग हात घाईने मागे, वर आणि पुन्हा पुढे. तोवर चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये. बाहेरून सगळे एकच सांगत होते, "हात वर ठेव!" तो ठेवायचा, पण चेंडू सुटला की हात पुन्हा खाली.

प्रशिक्षक सरांनी हातांचा विषयच काढला नाही. त्यांनी होम प्लेटशेजारी फक्कीने दोन रेघा मारल्या, एक पुढच्या पायासाठी, एक मागच्या. "बेटा, तू उडी मारून राहिला. पाय टाक, उडवू नको."

खरंच, त्याचा पुढचा पाय पहिल्या रेघेच्या पार पुढे पडत होता. पायाबरोबर सगळं वजन पुढे जायचं, डोकं हलायचं आणि तोल सावरायला हात खाली यायचे. क्रिकेटमध्ये टप्प्याकडे पाय काढायचा असतो. इथे चेंडूचा टप्पा पडतच नाही. मागच्या पायावर वजन राखून, छोटं पाऊल टाकून, कंबर फिरवायची आणि हातांनी तिच्या मागून यायचं. सरांनी आधी उभं राहणं थोडं रुंद करायला लावलं, गुडघे किंचित वाकवले, पाऊल वीतभरावर आणलं. मग टी-वर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू मारायला दिला. चेंडू स्थिर असला की घाईला कारण उरत नाही आणि कोणता अवयव कधी हलतो ते मुलाला स्वतःला कळतं. पाय स्थिरावला तसे हात, कुणी काही न सांगता, मागच्या खांद्याशी थांबू लागले.

या थांबण्याला एवढं मोल का? पिचरच्या पट्टीपासून होम प्लेट १८.४४ मीटर. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. त्यातला एक हिस्सा बॅट फिरण्यातच जातो. शाळकरी पिचर इतका वेगवान नसतो, पण मुलाची प्रतिक्रियाही तेवढी तयार नसते. हातांची एक फालतू हालचाल म्हणजे चेंडू पाहण्याच्या वेळेतून केलेली चोरी.

जपानचा सदाहारू ओ याच वाटेने गेला. १९५९मध्ये योमिउरी जायंट्सकडून पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती फक्त .१६१. त्याच्याही हातांत हीच अडखळ होती. १९६२मध्ये प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला शिकवलं. त्या वर्षी त्याने ३८ होम रन मारले, कारकिर्दीत ८६८. उपाय नेमका उलटा, पण तोही पायापासूनच सुरू झालेला. म्हणून ओची नक्कल करून आपल्या मुलाला पाय उचलायला लावणं चुकीचं. त्याचा दोष कुठून सुरू होतो, ते आधी शोधायला हवं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. पाय, पकड, खांदा सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशाने फरक पडला हे कुणालाच कळत नाही. नवं उभं राहणं अंगवळणी पडेपर्यंत सामन्यातले आकडे आणखी घसरूही शकतात. तेव्हा पालक आणि शिक्षकांनी धावफलकाऐवजी एवढंच पाहावं: डोकं स्थिर आहे का, वाईट चेंडू तो सोडतोय का, फाउल गेलेला चेंडू तरी बॅटच्या मधोमध लागला का. हे जमू लागलं की तो सुधारतोय. त्या काळात त्याला संघातून काढू नये. सुधारणा करताना खेळायला मिळालं नाही, तर ती सरावातच अडकून पडते.