पदराची उलटी बाजू

लग्नसराई जवळ आली कीं बीड, गेवराई, माजलगांवकडील घरांतून पैठणीच्या खरेदीची बोलणीं सुरू होतात. रंग पाहिला जातो, काठ पाहिले जातात, किंमतीची घासाघीस होते. वीण मात्र क्वचितच कोणी पाहतें. वस्त्राची खरी जात विणींतच कळते, म्हणून तिचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपला प्रांत या विद्येस नवखा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण व तगर या बाजारपेठांचा उल्लेख असून, तगराहून पुष्कळ कापड भडोच बंदरीं जात असे, असें त्यांत म्हटलें आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. नकाशा उघडून पाहावा. पैठण व तेर यांच्या मध्यें आपला बीड जिल्हाच येतो.

मागावर उभा ताणलेला धागा तो ताणा. धोट्यानें आडवा जातो तो बाणा. बाण्यानें एका ताण्यावरून व दुसऱ्याखालून जावें आणि परततांना याच्या उलट करावें, ही साधी वीण. पैठणीचें अंग याच विणीचें. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला म्हणजे धूपछांव साधते.

पदरांत मात्र बाणा आरपार जात नाहीं. मोर, कमळ, आसवली यांच्या प्रत्येक रंगास स्वतंत्र कांडी असते. रंगांच्या सीमेवर शेजारचे दोन धागे एकमेकांत गुंततात व आपापल्या जागीं परततात. म्हणून अस्सल पदर दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो.

छत्रपती संभाजीनगरच्या मशरूची तऱ्हा निराळी. तेथें रेशमी ताणा अनेक सुती बाण्यांवरून जाऊन मग एकाखालीं बुडतो. त्यामुळें वर रेशमाची झळाळी व अंगाशीं सूत. आपल्या घरीं रेशीम सोवळ्याचें. मुसलमान पुरुषांस तें अंगाला लावणें वर्ज्य. विणकरानें केवळ वीण बदलून ही अडचण दूर केली! हिमरूंत जादा रेशमी बाणा फुलापुरता वर येतो व एरवीं मागें मोकळा राहतो.

२०१० सालीं पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. तथापि पारख ज्याची त्यानेंच करावयाची असते. पदर उलटावा, मागें धागे लोंबत किंवा कापलेले दिसले, तर ती नक्षी कांडी-कांडीनें गुंतविलेली नव्हे, आणि त्या श्रमाचें मोलही तिला देऊं नये. तें मोल बसून पदर विणणाऱ्या कारागिराचें आहे.

जरीच्या तारेंतील सोन्यारुप्यासाठीं जुन्या पैठण्या जाळण्याची चाल आपल्यांत होती. हातीं येई थोडेंसें रुपें, आणि महिनोन्‌महिन्यांची वीण कायमची जाई. पेटींत आजीची पैठणी असेल, तर ती मोडीत घालण्याचा विचार करण्यापूर्वीं घरच्या मुलींनीं तिचा पदर एकदां उजेडांत उलटून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.