एका दगडात चार पक्षी!

माहीत आहे का? जगभर गाजलेल्या एका कादंबरीची लेखिका लिहिता लिहिता इतकी वैतागली, की तिने अख्खं हस्तलिखित खिडकीतून बर्फात भिरकावलं! संपादिकेने फोनवर झापलं, तेव्हा बाईसाहेब मुकाट खाली उतरल्या आणि पानं गोळा करून आल्या. लेखिका हार्पर ली, कादंबरी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, साल १९६०. अमेरिकेतलं छोटं गाव, अवखळ पोरं आणि मोठ्यांच्या डोक्यात भिनलेला काळा-गोरा भेद. पुढच्याच वर्षी पुलित्झर खिशात!

पक्षी नंबर एक उडाला. आता असाच भेद आपल्याकडे पाहायला गाडी थेट बारामतीला!

मोर, मोरोपंत आणि मोठा गॅप

पक्षी नंबर दोन, साहित्यात बारामतीचा पक्षी कुठला? अर्थात मोर! ‘केकावली’वाले कवी मोरोपंत बारामतीचे. पंतांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. रामकथेच्या एवढ्या व्हर्जन्स! पण वेशीबाहेरच्या पोराचं बालपण त्याच्याच शब्दांत छापून यायला पंतांच्या मागे जवळपास दोन शतकं जावी लागली.

नीरा ओलांडली की ‘उपरा’

बारामतीतून नीरेपलीकडे गेलात की आलाच फलटण तालुका. तिथल्या सोमंथळीचे लक्ष्मण माने. जन्म १९४९, कैकाडी समाजातला. टोपल्या विणायच्या, बिऱ्हाड गाढवावर लादायचं आणि पुढचं गाव गाठायचं, असं फिरतं बालपण. १९८० साली त्यांचं आत्मकथन ‘उपरा’ आलं आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार. लेखकाचं वय? जेमतेम तिशी पार! बऱ्याच जणांना या वयात बायोडेटासुद्धा धड लिहिता येत नाही.

दुकानात किराणा, वहीत बॉम्ब

माहीत आहे का, फलटणच्या एका किराणा दुकानात मराठी साहित्याचा खजिना दडला होता? बेबीताई कांबळे गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वही लपवून ठेवायच्या. एकदोन नाही, तब्बल २० वर्षं! पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचं लहानपण, महारवाड्यातली उपासमार, बाबासाहेबांमुळे आलेलं बळ, सगळं त्या वहीत होतं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’.

आता ट्विस्ट! हे लेखन उजेडात आणा, म्हणून बेबीताईंच्या मागे कोण लागलं? फलटणकर झालेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन!

फ्लेमिंगोच्या पलीकडे चिमणी

पक्षी नंबर तीन इंदापूर तालुक्यातला. भिगवणला भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यावर फ्लेमिंगो उतरले, की कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. मंडळी, लेन्स जरा पलीकडच्या तीरावर वळवा! तो करमाळा तालुका. तिथलं जेऊर हे दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं गाव.

त्यांच्या ‘फँड्री’ सिनेमातला जब्या रानोमाळ कशामागे धावतो? पक्षी नंबर चार, काळ्या चिमणीमागे! तिची राख शाळेतल्या शालूवर टाकली की शालू आपल्या प्रेमात पडणार, असा त्याचा भाबडा फॉर्म्युला. सिनेमा थिएटरात लागला कधी? १४ फेब्रुवारी २०१४. बरोब्बर व्हॅलेंटाइन डे!

ऑस्कर हुकलं, नॅशनल मिळालं

‘मॉकिंगबर्ड’च्या १९६२च्या सिनेमात छोटी नायिका स्काउट झालेली मेरी बॅडम दहाव्या वर्षी ऑस्करच्या नामांकनात होती, पण बाहुली हुकली. आपला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे. हलगी वाजवणाऱ्या या पोराला मंजुळेंनी हेरलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि पठ्ठ्याने सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार आणला. जब्याचे वडील झालेले किशोर कदम म्हणजेच कवी सौमित्र, हेही माहीत असू द्या.

आणि ‘फँड्री’तला तो सीन! पाठलाग करून डुक्कर हाती लागणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, डुक्कर मात्र मोकळं. हसू येतं आणि घशातच अडकतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे खुर्चीत पॉपकॉर्न खात बसलेल्या तुमच्या-माझ्यावर.

फायनल स्कोअर

हार्पर लीची स्काउट ही वकिलाची लेक. अन्याय दुसऱ्यावर होतो, ती तो पाहते आणि आपल्याला सांगते. नीरा-भीमेच्या काठी ज्यांना गावाने बाहेर ठेवलं, त्यांनीच पेन उचललं आणि कॅमेराही हाती घेतला. म्हणून आमचा निकाल पक्का: ‘मॉकिंगबर्ड’ जरूर वाचा, पण ‘उपरा’ आणि ‘जिणं आमुचं’ न वाचता राहू नका. गावच्या वाचनालयात नसतील, तर आजच मागणी नोंदवा!